सोसायटीच्या ग्रुपवर रहिवाशांना बोलतं कसं करायचं: कमिटीसाठी क्रमवार मार्गदर्शन

महाराष्ट्रातल्या बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांत आज व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काही ठिकाणी गेटचं ॲप आहे, कुठे ईमेलही जातात. तरी कमिट्यांची तक्रार तीच: लोक वाचत नाहीत, उत्तर देत नाहीत, आणि सभेत मात्र "आम्हाला कळवलंच नाही" म्हणून उभे राहतात. याचं खापर सरसकट रहिवाशांच्या अनास्थेवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. लोक गप्प बसतात त्याला दोन साधी कारणं असतात. लिहून काही होत नाही हा अनुभव, आणि लिहिलं तर चारचौघांत आपल्यावरच शेकतं ही भीती. दोन्ही गोष्टी दूर करणं कमिटीच्या हातात आहे.

अडचण क्रमाची आहे. ग्रुप आधी काढला जातो, वाद झाल्यावर नियम आठवतात, आणि नंबरांची धड यादी कधी केलीच जात नाही. खालचा क्रम साधारण ४० ते २०० घरांच्या सोसायटीला पुरतो. ज्या टप्प्याखाली तपासणी दिली आहे तिथे ती झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नका.

टप्पा १: घरनिहाय यादी करा

सुरुवात सभासदांच्या 'जे' नमुन्यातल्या यादीपासून करा. कोणता फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते तिथून कळतं. पण आज त्या घरात कोण राहतं आणि फोन कोणाकडे आहे, हे त्या यादीत सापडणार नाही. त्यासाठी दर फ्लॅटमागे एक छोटा अर्ज छापा. त्यात एवढंच विचारा: फ्लॅट क्रमांक, मालक राहतात की भाडेकरू, व्हॉट्सॲप असलेला नंबर, ईमेल, तातडीसाठी दुसरा नंबर, वाचायला सोयीची भाषा, आणि सूचना कशी मिळालेली आवडेल: व्हॉट्सॲपवर, ईमेलवर, कागदावर की फोन करून.

अर्ज मेंटेनन्सच्या बिलासोबत दारात सरकवून देऊ नका, तो बिलासोबतच रद्दीत जातो. रविवारी सकाळी दोघांनी मिळून घरोघरी जा आणि उभ्या उभ्या भरून घ्या. "व्हॉट्सॲप आहे का?" हा प्रश्न पुरत नाही. "मेसेज प्रत्यक्षात कोण वाचतं?" असं विचारा. पुष्कळ घरांत नंबर आजोबांच्या नावावर असतो आणि मेसेज सून उघडते. कुठे मालक दुबईत असतात आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. ही माहिती दारात पाच मिनिटं उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. शिवाय त्या भेटीत लोक मनातलं एखादं गाऱ्हाणं सांगतातच. ते त्याच अर्जाच्या मागे लिहून घ्या, सहाव्या टप्प्यात त्याचा उपयोग होणार आहे.

अर्जावर संमतीची एक ओळ आणि सही हवी: "हा नंबर सोसायटीच्या कामाच्या सूचनांसाठी वापरण्यास माझी संमती आहे." वैयक्तिक डिजिटल माहितीबद्दल आपल्याकडे २०२३ चा कायदा झालेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, न विचारता ग्रुपमध्ये ओढलेला माणूस पहिल्याच दिवशी ग्रुप म्यूट करतो.

*नेहमीची चूक:* बिल्डरच्या काळातला ग्रुप तसाच पुढे चालवणं. त्यात फ्लॅट विकून गेलेले मालक, सोडून गेलेले भाडेकरू, कधीकाळचा सुपरवायझर सगळे असतात, आणि नव्याने आलेली दोन-चार कुटुंबं हमखास नसतात.

*तपासा:* प्रत्येक फ्लॅटपुढे एक चालू नंबर किंवा "कागदावर द्या" अशी खूण आहे का? बंद फ्लॅटच्या मालकाचा ईमेल मिळाला का? एकही ओळ रिकामी असेल तर आधी ती भरा.

टप्पा २: कुठे काय सांगायचं ते ठरवा

एकाच ग्रुपवर पाणी बंद असल्याची सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पार्किंगचं भांडण आणि हरवलेली मांजर आली की महत्त्वाचा संदेश तासाभरात वर सरकून दिसेनासा होतो. म्हणून तीन कप्पे करा.

पहिला सूचनांचा: इथे फक्त कमिटी लिहील आणि आठवड्याला चार-पाच संदेशांपलीकडे जाणार नाही. दुसरा गप्पांचा: शुभेच्छा, "चांगला प्लंबर सांगा", गणपतीची तयारी, जुना सोफा विकायचाय, सगळं इथे. तिसरा तक्रारींचा: हा ग्रुप नको, सोसायटीचा एक स्वतंत्र नंबर हवा. गळतीची, शेजारच्या आवाजाची किंवा वॉचमनच्या वागण्याची तक्रार दीडशे लोकांसमोर मांडायला बहुतेकांना संकोच वाटतो. खासगीत सांगायची सोय झाली की जे कधीच बोलत नव्हते ते बोलू लागतात.

गेटचं ॲप असेल तर ते पाहुणे आणि डिलिव्हरीसाठी राहू द्या. तीच सूचना ॲप, व्हॉट्सॲप आणि ईमेल अशी तिन्हीकडे टाकली की लोक तिन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतात. व्हॉट्सॲपवर नसलेल्यांनाच ईमेल किंवा कागद द्या.

*सावधान:* व्हॉट्सॲपचा संदेश म्हणजे कायदेशीर नोटीस असं गृहीत धरू नका. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची, तर विशेष सर्वसाधारण सभेसाठी ५ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. ती कशी पोचवायची हे तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींत पाहा आणि सूचनाफलकावरही लावा. ग्रुपवरचा संदेश ही फक्त जास्तीची आठवण. सभा ऑनलाइन घ्यायची असेल तर उपनिबंधक कार्यालयाकडे त्या वेळी लागू असलेलं परिपत्रक विचारून घ्या. आणि पुनर्विकासासारखा विषय पोलवर कधीच निकालात काढू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात त्याची सभा, चित्रीकरण आणि मतदान यांची रीत ठरवून दिलेली आहे.

टप्पा ३: नियम लिहा, ग्रुप नंतर काढा

नियम एका पानात मावले पाहिजेत. कमिटीत मंजूर करा, जमल्यास सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. म्हणजे उद्या एखादा संदेश काढून टाकावा लागला तर "सेक्रेटरींची मनमानी" असा आरोप टिकत नाही. कोणत्याही सोसायटीत लागतील असे नियम हे:

१. प्रत्येकाने प्रोफाइलला नाव आणि फ्लॅट क्रमांक लावायचा.
२. गप्पांच्या ग्रुपवरही राजकीय आणि धार्मिक फॉरवर्ड नाहीत. निवडणुकीच्या महिन्यात तर मुळीच नाहीत.
३. कोणाचंही नाव घेऊन तक्रार ग्रुपवर नाही, ती तक्रारीच्या नंबरवर.
४. लहान मुलांचे किंवा घरकामाच्या मावशींचे फोटो, सीसीटीव्हीतले तुकडे ग्रुपवर टाकायचे नाहीत.
५. रात्री १० ते सकाळी ७ फक्त तातडीचं: आग, लिफ्टमध्ये कोणी अडकणं, वैद्यकीय मदत.
६. सोसायटीचं बँक खातं किंवा यूपीआय बदलल्याची सूचना ग्रुपवर कधीही येणार नाही. ती सहीशिक्क्याच्या पत्रानेच येईल.

सहावा नियम अनेकांना अनावश्यक वाटतो. "तुमचं बिल भरलेलं नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" अशा संदेशांनी किती जण फसले ते आठवून पाहा. तोच प्रकार उद्या मेंटेनन्सच्या नावाने व्हायला वेळ लागणार नाही.

ॲडमिन किमान तीन ठेवा. त्यातला एक कमिटीबाहेरचा, सगळ्यांना मान्य असलेला माणूस असू द्या. निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ हे काम छान सांभाळतात. ॲडमिन व्हायला काही जण कचरतात, कोणी काही लिहिलं तर गुन्हा आपल्यावर येईल म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधी संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. तरीही असा मजकूर दिसताच काढायचा. ॲडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.

*सावधान:* थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाकू नका. वसुलीसाठी कायद्यात वेगळा मार्ग आहे. एका घराची थकबाकी सगळ्यांसमोर मांडली की पुढच्या महिन्यात ज्यांना उशीर होणार आहे ती दहा घरंही तोंड मिटून बसतात. तसंच, थकबाकी आहे म्हणून कोणाला सूचनांच्या ग्रुपमधून काढू नका. तो अजूनही तुमचा सभासद आहे, आणि त्याच्या घरातलं पाणी इतरांच्या घरासारखंच बंद होणार आहे.

टप्पा ४: ग्रुपची मांडणी

व्हॉट्सॲपवर साध्या ग्रुपऐवजी 'कम्युनिटी' (अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवायची सोय) करा. ती सुरू केली की सूचनांचा ग्रुप आपोआप तयार होतो. तिथे नवा संदेश फक्त ॲडमिन टाकू शकतात, आणि रहिवाशांना एकमेकांचे नंबर तिथे दिसत नाहीत. एकट्या राहणाऱ्या मुली किंवा महिला भाडेकरू ग्रुपमध्ये यायला का टाळतात ते विचारलंत तर नंबर उघडा पडणं हेच कारण पहिलं निघतं. तेव्हा ही सोय त्यांना आवर्जून सांगा. गप्पांच्या ग्रुपमध्ये मात्र नंबर दिसतात. म्हणून तिथे येणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडा.

मग त्याच कम्युनिटीत गप्पांचा ग्रुप जोडा. विंग तीनपेक्षा जास्त असतील तर विंगनिहाय छोटे ग्रुप करा, कारण ए विंगची लिफ्ट बंद असल्याचं सी विंगला कळून उपयोग नसतो. अंदाजपत्रक किंवा मोठी दुरुस्ती अशा विषयांसाठी फक्त मालकांचा एक ग्रुप वेगळा ठेवला तर भाडेकरूंनाही नको ते संदेश जात नाहीत.

आता सेटिंग. नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं करा. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवा, कारण सहा महिन्यांपूर्वी काय कळवलं होतं ते कधीतरी शोधावं लागतंच. महिन्याभराचा महत्त्वाचा संदेश वर पिन करून ठेवा.

*सावधान:* ग्रुपमध्ये येण्याचा क्यूआर कोड लिफ्टमध्ये चिकटवू नका. तो रहिवाशांच्या आधी डिलिव्हरीवाले, इस्टेट एजंट आणि कर्ज विकणारे स्कॅन करतात. लिंक ज्याची त्याला पाठवा.

*आणखी एक फसगत:* काही कमिट्या ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) वापरतात. ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही, आणि एका लिस्टमध्ये २५६ च लोक बसतात. सेक्रेटरींना वाटतं सगळ्यांना गेला. प्रत्यक्षात निम्म्या घरांत काही आलेलंच नसतं.

*तपासा:* एक चाचणी संदेश टाका: "मिळाला असेल तर अंगठा दाखवा." दोन दिवसांत ज्या घरातून काहीच आलं नाही त्यांना फोन करा. याद्या कागदावर जुळतात, पण फोनवर काय होतंय ते याच पायरीवर कळतं.

टप्पा ५: वाचला जाईल असा संदेश लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक सूचना वाचल्या न जाण्याचं कारण त्यांच्या पहिल्या ओळीत असतं. हा नेहमीचा नमुना:

"सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेच्या व्यवस्थापक समितीच्या दि. ३ रोजीच्या बैठकीत ठरल्यानुसार ओव्हरहेड व भूमिगत टाक्यांच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येत असून, त्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी…"

फोनच्या पडद्यावर सूचना येते तेव्हा पहिली ओळ-दीड ओळच दिसते. वरच्या संदेशात तेवढ्यात काय कळलं? "सर्व सन्माननीय सभासदांना." माणूस बोटाने तो बाजूला सारतो. तोच संदेश असा लिहा:

"शनिवारी (१४ तारखेला) सकाळी १० ते ३ बी आणि सी विंगला पाणी नाही. टाक्या धुवायच्या आहेत. शुक्रवारी रात्रीच बादल्या भरून ठेवा. ३ नंतर पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ येईल, तेवढं वाहू द्या. कोणाकडे लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल आणि पाणी भरून ठेवणं शक्य नसेल तर तक्रारीच्या नंबरवर कळवा, वॉचमन दोन बादल्या वर आणून देतील."

पहिल्या वाक्यात वार, तारीख, वेळ, कोणावर परिणाम आणि काय होणार हे सगळं आलं. मग कारण, मग काय करायचं, आणि शेवटी उत्तर देण्याजोगी एक जागा. त्या शेवटच्या वाक्याला एका-दोघांचं जरी उत्तर आलं, तरी बाकीच्यांना दिसतं की पलीकडे कोणीतरी वाचतंय. अर्थात, बादल्या वर न्यायच्या हे वॉचमनशी आधी बोलून ठेवा आणि त्यांना त्याचे वेगळे पैसे द्या.

लेटरहेडवर टाइप करून त्याचा फोटो टाकायची सवय सोडा. साठीच्या पुढच्या माणसाला तो फोटो ताणून ताणून वाचावा लागतो, आणि नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही. मजकूर थेट टाइप करा. सहीचं पत्र जोडायचंच असेल तर खाली जोडा. मराठी टाइप करायला अवघड जात असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, मग चुका दुरुस्त करा. इमारतीत गुजराती, तमिळ, हिंदी भाषक घरं असतील तर मराठीखाली हिंदी किंवा इंग्रजीत दोन ओळी द्या. पहिल्या टप्प्यातल्या अर्जावरून कोणती भाषा ते ठरवा. वाचायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी तीस सेकंदांचा आवाजी संदेशही चालतो, पण लिखाणासोबत, त्याऐवजी नाही.

सरकारी विषय असेल तेव्हा जास्त नेटकं लिहावं लागतं. पुण्यात महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे आणि तिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागला. तेव्हा "सर्वांनी पीटी-३ भरावा" एवढाच संदेश फिरवून काम भागत नव्हतं. कोणी भरायचा, कोणी भरायची गरज नाही, सोबत कोणते कागद लागतात, कुठे द्यायचा आणि मुदत कधी, हे पाच मुद्दे एका संदेशात आले तर माणूस त्याच दिवशी कागद काढतो. स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) कळवतानाही असंच. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट करावं लागतं, हे एका ओळीत सांगितलं की "उगाच खर्च काढला" ही कुरबुर बरीच कमी होते.

*तपासा:* पाठवण्याआधी संदेश कमिटीबाहेरच्या एका माणसाला दाखवा आणि विचारा, "यातून तुम्ही काय कराल?" उत्तर चुकलं तर संदेश बदला.

टप्पा ६: महिनाभर फक्त उत्तरं द्या

"ग्रुपवर सक्रिय व्हा" असं आवाहन अजून करायचं नाही. आधी महिनाभर आलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्या. यादी करताना अर्जाच्या मागे लिहून घेतलेली गाऱ्हाणी इथे बाहेर काढा, तेच तुमचं पहिलं काम.

एक साधी एक्सेल शीट करा: तक्रार क्रमांक, तारीख, फ्लॅट, काय, कोणाकडे दिलं, कधी झालं. तक्रार आली की २४ तासांत पोच द्या: "तुमची तक्रार क्र. १७ नोंदली. प्लंबर गुरुवारी येतो आहे, सकाळी कोणी घरी असेल का?" यात क्रमांक आहे, दिवस आहे आणि एक प्रश्न आहे. "बघतो" हे उत्तर नव्हे. ते ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही.

दर रविवारी संध्याकाळी सूचनांच्या ग्रुपवर एक छोटा आढावा टाका. नावं आणि फ्लॅट क्रमांक न देता:

"या आठवड्यात ९ तक्रारी आल्या. ६ झाल्या: सी विंगच्या जिन्यातले दिवे, गेटजवळची फरशी, आणि चार घरांची गळती. ३ राहिल्या: लिफ्टचा दरवाजा (पार्ट मागवला आहे, बुधवारपर्यंत अपेक्षित), गच्चीवरचं गवत (माळी सोमवारी), आणि दुसऱ्या मजल्यावरची एक गळती, जिथे वरच्या घराची परवानगी मिळायची आहे."

जे झालं नाही त्याचं कारण लिहायला कमिट्या घाबरतात. मी म्हणेन की तेच सगळ्यात काळजीपूर्वक लिहा. लोक उशीर समजून घेतात. गप्प राहिलेलं त्यांना खपत नाही. पार्ट बुधवारी आला नाही तर बुधवारीच तसं कळवा, कोणी विचारायची वाट पाहू नका.

*नेहमीची चूक:* कंत्राटदाराने "झालं" म्हटलं की तक्रार बंद करणं. ज्याने तक्रार केली त्यानेच "झालं" म्हटल्यावर बंद करा.

*तपासा:* महिनाअखेरीस शीटमध्ये पोच न दिलेली एकही तक्रार नको. असेल तर पुढच्या टप्प्याला आणखी दोन आठवडे थांबा.

टप्पा ७: आता विचारा, लहान प्रश्नांपासून

पहिला प्रश्न असा निवडा ज्याचं उत्तर काहीही आलं तरी कमिटी तसंच वागेल. टाकी शनिवारी धुवायची की रविवारी? ओला कचरा सकाळी सात वाजता न्यायचा की आठला? पोल टाका, ४८ तास द्या, निकाल जाहीर करा आणि त्याच आठवड्यात तसं करून दाखवा. आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टीवर पोल घेतला तर लोकांना ते कळतं, आणि पुढच्या पोलला निम्मीच मतं पडतात.

पोलच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. कोणी काय मत दिलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं, म्हणून वॉचमन ठेवायचा की काढायचा असे विषय तिथे नकोत. आणि एका घरातून तीन जण मत देऊ शकतात. "घरामागे एक मत" असं पोलच्या वरच लिहा आणि मोजताना फ्लॅटनिहाय मोजा. हा निव्वळ कल असतो, ठराव सभेतच होतो, हेही दर वेळी लिहा.

सगळ्यांना उद्देशून केलेल्या आवाहनाला कोणीच उत्तर देत नाही. माणसाला नावाने विचारावं लागतं. दर १५ ते २० घरांमागे एक विंग प्रतिनिधी नेमा. महत्त्वाचा संदेश गेला की प्रतिनिधी तोच विंगच्या छोट्या ग्रुपमध्ये स्वतः टाकेल, दुसऱ्या दिवशी त्या संदेशाचं 'इन्फो' (कोणी वाचला ते तिथे दिसतं) पाहून ठरवेल की कोणी वाचलेला नाही, आणि त्या दोन-तीन घरांची बेल वाजवेल. "देशपांडे काकू, शनिवारी पाणी नाही बरं का" एवढं पुरे. 'तुम्ही वाचलं नाहीत' हा सूर नको, आणि न वाचणाऱ्यांची यादी तर कुठेच लावायची नाही.

ज्येष्ठांसाठी एका दुपारी सोसायटीच्या ऑफिसात तासाभराचा वर्ग घ्या. शिकवणारे म्हणून कॉलेजातली मुलं बसवा. प्रत्येकाने स्वतःचा फोन आणायचा आणि चारच गोष्टी शिकायच्या: बाकीचे ग्रुप म्यूट करून सोसायटीचा ग्रुप वर पिन करणं, अक्षर मोठं करणं, आवाजी संदेश पाठवणं, आणि गळतीचा फोटो काढून तक्रारीच्या नंबरवर टाकणं. मुलांनी फोन हातात घेऊन स्वतः करून द्यायचं नाही. आजींच्याच बोटाने दोनदा करवून घ्यायचं. वर्ग संपताना त्यांच्याकडून तक्रारीच्या नंबरवर खराखुरा एक फोटो पाठवून घ्या. ज्येष्ठ दिवसभर घरी असतात. पंप किती वाजता बंद झाला, जिन्यात पाणी कुठून येतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

भाडेकरूंना मत नसलं तरी बाकी सगळं त्यांनाही लागू असतं. ते आल्या आठवड्यात नियमांचं पान आणि तक्रारीचा नंबर हातात द्या. परदेशात राहणाऱ्या मालकांना सभेचा विषय ईमेलवर पाठवताना भारतीय वेळ स्पष्ट लिहा, आणि उत्तराला किमान एक शनिवार-रविवार मिळेल असं बघा.

टप्पा ८: भांडण पेटलं तर

दोघांत तिसरा संदेश जाण्याआधी ॲडमिनने एकच वाक्य लिहावं: "हा विषय तक्रार क्र. अमुक म्हणून नोंदला आहे, पुढचं आपण ऑफिसात बोलू." मग दोघांनाही फोन, वेगवेगळा. ग्रुपवर न्यायनिवाडा करायचा नाही, कोण बरोबर हेही सांगायचं नाही. गरज वाटली तर गप्पांचा ग्रुप रात्रीपुरता फक्त ॲडमिनसाठी करा आणि सकाळी पुन्हा उघडा, उघडल्याचं कळवून. टीका कमिटीवर असेल तर संदेश डिलीट करू नका. हिशोब विचारला असेल तर हिशोब कधी आणि कुठे पाहता येईल ते लिहा. एक सभ्य टीका पुसली गेली की ती पाहिलेले सगळे पुढे लिहिणं थांबवतात, आणि तुमचं तीन महिन्यांचं काम त्या एका बोटाने वाया जातं.

टप्पा ९: मोजणी आणि हवाली

महिन्यातून एकदा तीन आकडे पाहा: किती वेगवेगळ्या घरांतून काही ना काही लिहून आलं, तक्रार निकालात निघायला सरासरी किती दिवस लागले, आणि किती घरांना अजून बेल वाजवून सांगावं लागतं. एकूण संदेशांची संख्या मोजू नका. चार बोलके सभासद ती सहज फुगवतात. पहिला आकडा वाढत नसेल तर सहावा टप्पा कुठेतरी ढिला पडला आहे, तिथे परत जा.

वर्षातून एकदा, शक्यतो वार्षिक सभेच्या आधी, नंबरांची यादी पुन्हा घरोघर पडताळा. घर विकलं किंवा भाडेकरू बदलले की त्याच आठवड्यात जुना नंबर काढायचा आणि नवा घालायचा; एनओसीच्या कागदांबरोबर ही ओळ चेकलिस्टमध्ये घालून ठेवा.

तक्रारीचं सिमकार्ड आणि ईमेल खातं संस्थेच्या नावावर घ्या, सेक्रेटरींच्या खासगी नंबरवर नको. कमिटी बदलली की एका बैठकीत सिम, ईमेलचा पासवर्ड, तक्रारींची शीट, संमतीचे अर्ज आणि ॲडमिनचे अधिकार नव्या पदाधिकाऱ्यांना द्या. जुन्या पदाधिकाऱ्यांचे अधिकार त्याच वेळी काढा. पासवर्ड नव्या सेक्रेटरींनी तिथेच बदलायचा. या सगळ्याची नोंद हवालीच्या यादीत करा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.